ऑपरेशननंतर पाणी आणि जेवण पुन्हा सुरू करताना: सर्जिकल वॉर्डात नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

सर्जिकल वॉर्डात ड्युटी लागली की पेशंटकडून सगळ्यात जास्त वेळा कानावर पडणारा प्रश्न एकच असतो: "पाणी कधी देणार?" घसा कोरडा पडलेला असतो, ओठ चिकटलेले असतात, आणि ऑपरेशनच्या आधीपासूनचा उपास धरला तर कित्येक तास पोटात काही गेलेलं नसतं. "डॉक्टर राउंडला आले की विचारू" एवढं सांगून आपण पुढच्या खाटेकडे जाऊ शकतो. पण ती ऑर्डर आधीच लिहिलेली असू शकते, आणि फोन करून विचारलं तर पाच मिनिटांत मिळूही शकते. नव्यांनी सुरुवातीलाच मनात पक्कं करावं ते हे, की उपाशी ठेवणं म्हणजे आपोआप सुरक्षित असणं नव्हे. घाईने पाजलं तर पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं, हे सगळ्यांना माहीत असतं. विनाकारण उपाशी ठेवलं तर स्नायू झिजतात, साखर बिघडते, सलाईन वाढत जातं आणि आतडी उशिरा जागी होतात. हे नुकसान सावकाश होत असल्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही.

आधी थोडं कारण समजून घ्या

पूर्वीची रीत अशी होती की पोटाचं ऑपरेशन झालं की आतड्यांचा आवाज ऐकू येईपर्यंत आणि गॅस पास होईपर्यंत तोंडावाटे काही द्यायचं नाही. आतड्याचा जोड ताजा आहे, त्याला विश्रांती हवी, असा त्यामागचा विचार. पण पेशंट काही खात नसला तरी आतडं रिकामं राहत नाही. लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचा स्वतःचा स्राव मिळून दिवसाला साधारण 7 लिटर द्रव पचनमार्गात उतरत असतो. त्या मानाने दोन घोट पाण्याचा भार किती, याचा विचार करा.

दुसरी गोष्ट, पचनमार्ग सगळा एकदम जागा होत नाही. लहान आतडं काही तासांत हालचाल करू लागतं, जठराला एक-दोन दिवस लागतात, मोठं आतडं सगळ्यात शेवटी, दोन ते तीन दिवसांनी कामाला लागतं. गॅस पास होणं ही मोठ्या आतड्याची खूण. म्हणजे गॅसची वाट पाहणं म्हणजे सगळ्यात शेवटी उठणाऱ्यासाठी बाकीच्यांना थांबवून ठेवणं. स्टेथोस्कोपने ऐकू येणाऱ्या आवाजावरूनही पोट अन्न सोसेल की नाही हे भरवशाने सांगता येत नाही.

1990 च्या दशकात डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी ऑपरेशनच्या आधीच्या आणि नंतरच्या अशा सगळ्या जुन्या सवयी तपासायला घेतल्या. त्यांच्या मांडणीवर पुढे 2001 मध्ये युरोपातल्या सर्जन मंडळींनी एक अभ्यासगट उभा केला आणि 2010 मध्ये त्यातून इरास सोसायटी (ऑपरेशननंतर पेशंट लवकर बरा व्हावा यासाठीच्या पद्धती ठरवणारी संस्था) स्थापन झाली. आज बहुतेक ऑपरेशनांनंतर त्याच दिवशी पाणी आणि 24 तासांच्या आत जेवण, हा मान्य झालेला मार्ग आहे. मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनलाही तो लागू आहे. लवकर खाऊ घातल्याने जोड गळण्याचं प्रमाण वाढत नाही, हे तपासून पाहिलेलं आहे. गॅस झाला का हे मात्र रोज विचारा आणि चार्टवर लिहा. ती उपयोगी माहिती आहे, फक्त जेवण अडवून धरण्याचं कारण नाही.

पायरी 1: ऑर्डर वाचा, आणि नीट वाचा

ऑपरेशन कोणतं झालं, भूल कोणती दिली होती, आणि तोंडावाटे काय द्यायचं असं लिहिलंय, या तीन गोष्टी पेशंटजवळ जाण्याआधी माहीत हव्यात. "सिप्स" म्हणजे घोटघोट पाणी. "क्लिअर फ्लुइड्स" म्हणजे आरपार दिसणारी द्रवं: पाणी, गाळलेला रस, बिनदुधाचा चहा, गाळलेलं सूप. "फ्री फ्लुइड्स" म्हटलं की दूध आणि दाट सूपही आलं. त्यापुढे मऊ आहार, मग नेहमीचा आहार. ऑर्डरमध्ये नुसतं "ओरली अलाऊड" असं मोघम लिहिलेलं असेल, तर काय आणि किती हे विचारून घ्या. विचारण्यात कमीपणा नाही. अंदाजाने देण्यात मात्र धोका आहे.

काही पेशंट खरोखरच थांबवायचे असतात. अन्ननलिका, जठर किंवा स्वादुपिंडाची मोठी ऑपरेशनं, ज्यांची रायल्स ट्यूब (नाकातून जठरात घातलेली नळी) मोकळी सोडलेली आहे असे पेशंट, आतडं अडल्याचा संशय असलेले, आणि पुन्हा थिएटरमध्ये न्यावं लागेल अशी शक्यता असलेले. इथे सर्जनने सांगितल्याशिवाय घोटभरही द्यायचं नाही, नातेवाइकांनी कितीही विनवलं तरी.

आणि याची उलट बाजू. खाटेवर लटकवलेली एनबीएमची (निल बाय माउथ, म्हणजे तोंडावाटे काही नाही) पाटी ऑर्डर बदलल्यावरही तशीच राहून जाते. सकाळी सर्जन "आता खाऊ द्या" म्हणून जातात, केसपेपरवर ते लिहिलं जातं, पण पाटी कुणी काढत नाही, किचनला कुणी कळवत नाही. दुपारचा ट्रे येत नाही, आणि पेशंटला वाटतं अजून बंदीच आहे. ऑर्डर बदलली की त्याच वेळी स्वतःच्या हाताने पाटी काढा, किचनला कळवा आणि पेशंटला स्वतः सांगा.

पायरी 2: पेशंटकडे बघा

भूल देऊन किती तास झाले यापेक्षा आत्ता समोर काय दिसतंय हे महत्त्वाचं. हाक मारल्यावर डोळे उघडतो का? स्वतःचं नाव, आपण कुठे आहोत हे सांगतो का? सांगता सांगता अर्ध्या वाक्यातच झोपी जात असेल, तर थांबा. असा पेशंट घोट तोंडात घेऊन गिळायचं विसरतो. मान स्वतःहून धरता येते का? खोकायला सांगा. खोकला जोरकस, मोकळा हवा. स्वतःची लाळ गिळतोय की ओठांच्या कडेने ओघळतेय? श्वास फार जलद चालत असेल तर गिळणं आणि श्वास यांचा मेळ बसत नाही, हेही ध्यानात ठेवा. शेवटी पोटावर हात ठेवून बघा: मऊ आहे की ताणलेलं, फुगलेलं?

एंडोस्कोपी किंवा ब्रॉन्कोस्कोपीसाठी घशात बधिरतेचा स्प्रे मारला असेल, तर पेशंट पूर्ण जागा असूनही त्याला ठसका लागल्याचं कळत नाही. घशाची संवेदना परत येईपर्यंत, साधारण एक ते दोन तास, तोंडावाटे काही नाही. कंबरेत भूल दिलेल्यांचं उलट असतं. डोकं जागं, घसा जागा, फक्त पाय जड. त्यांना सहसा लवकर पाणी देता येतं. सिझेरियन झालेल्या बाईला तर दोन तासांच्या आत खायला द्यावं अशी आजची शिफारस आहे.

उलटी कुणाला होण्याची शक्यता जास्त हे आधी ओळखता येतं. स्त्री असणं, धूम्रपान न करणं, पूर्वी ऑपरेशननंतर उलट्या झालेल्या असणं किंवा गाडी लागण्याचा त्रास असणं, आणि ऑपरेशननंतर अफूवर्गातली वेदनाशामकं चालू असणं, हे चार मुद्दे. एकही नसेल तर उलटीची शक्यता साधारण 10 टक्के, चारही असतील तर 80 टक्क्यांच्या आसपास. तीन-चार मुद्दे जुळत असतील तर पाणी सुरू करण्याआधीच उलटीचं औषध लिहिलेलं आहे ना, हे बघून घ्या.

पायरी 3: पहिला घोट

इथे घाई करू नका. वॉर्ड कितीही भरलेला असला तरी हे काम खाटेजवळ उभं राहूनच करायचं.

आधी तोंड स्वच्छ करा. सुकलेल्या लाळेचा थर, कफ, रक्ताचे कण तसेच ठेवून पाणी पाजलं तर ते सगळं पाण्याबरोबर घशात जातं. चूळ भरता येत नसेल तर ओला बोळा फिरवा. कवळी ऑपरेशनच्या आधी काढून ठेवलेली असते. ती शोधा, धुवा, बसवा. कवळीविना जेवायला बसवलेले वयस्कर पेशंट अर्धा ट्रे तसाच परत पाठवतात आणि चार्टवर "भूक नाही" अशी नोंद होते. चष्मा आणि कानाचं यंत्रही द्या. दिसलं आणि ऐकू आलं तरच सूचना कळतील.

मग बसवा. ऑपरेशनच्या प्रकारामुळे मनाई नसेल तर शक्य तितकं सरळ, हनुवटी किंचित खाली. पाठीमागे उशी द्या, नाहीतर पाचच मिनिटांत पेशंट घसरून अर्धवट आडवा होतो. टाक्यांवर ताण येत असेल तर गुडघ्यांखाली उशी सरकवा. सक्शन चालू होतंय ना ते तपासा आणि किडनी ट्रे हाताशी ठेवा.

पहिला घोट चमच्याने, एक चमचा साधं पाणी. तोंडात टाकल्यावर पेशंटच्या कंठमण्याकडे बघा. तो वर उचलला गेला आणि खाली आला म्हणजे गिळलं गेलं. आता त्याला लांब "आ" म्हणायला लावा. आवाज स्वच्छ असेल तर दुसरा चमचा. आवाजात घरघर आली, पाण्याचे बुडबुडे फुटावेत तसा ओला लागला, तर पाणी स्वरयंत्रापाशी साचलंय. थांबा, खोकायला लावा, पुन्हा तपासा. तोच प्रकार पुन्हा झाला तर तोंडावाटे बंद ठेवून डॉक्टरांना कळवा आणि गिळण्याची तपासणी करणाऱ्या थेरपिस्टना बोलवायला सांगा.

खोकला आला नाही म्हणून सगळं ठीक आहे, असं समजू नका. वयस्कर, पक्षाघात झालेले, मानेचं ऑपरेशन झालेले, बरेच दिवस व्हेंटिलेटरची नळी घशात राहिलेले, यांच्या श्वासनलिकेत पाणी गेलं तरी कधी कधी ठसकाच लागत नाही. अशांच्या बाबतीत ओला आवाज, डोळ्यांत पाणी, ऑक्सिजनची पातळी घसरणं आणि पुढच्या दिवशीचा ताप, एवढ्याच खुणा मिळतात. आणि गिळायला त्रास असेल तर सगळ्यात अवघड असतं ते पातळ पाणीच, कारण ते घशात वेगाने पसरतं. म्हणून "नुसतं पाणी तर आहे" असं म्हणत धीर करू नका, आणि आपल्या मनाने पाणी दाट करूनही देऊ नका.

दोन-तीन चमचे नीट गेले की छोट्या पेल्याने घोट घेऊ द्या. पेला शक्यतो पेशंटच्याच हातात द्या; स्वतःच्या हाताने पिताना गिळण्याची लय चांगली राहते. बर्फाचे तुकडे तहानेला फार उपयोगी पडतात. चार्टवर लिहिताना बर्फाच्या मापाच्या निम्मं पाणी धरायचं.

पायरी 4: वाढवत जा

30 मिलीच्या आसपास देऊन पंधरा-वीस मिनिटं बघा. मळमळ नाही, पोट फुगत नाही, तर हळूहळू वाढवा. पुढे पेशंटच्या तहानेप्रमाणे जाऊ द्या.

एकदा उलटी झाली तर घाबरून रात्रभर एनबीएम करू नका. पहिल्या काही तासांतली एखादी उलटी बहुधा भुलीची किंवा वेदनाशामकाची असते. पेशंटला कुशीवर वळवा, तोंड साफ करा, उलटीचं औषध द्या, तासभर थांबा आणि पुन्हा चमच्यापासून सुरू करा. हिरवी उलटी, पुन्हा पुन्हा होणारी उलटी, किंवा उलटीबरोबर पोट ताणलेलं असणं ही वेगळी गोष्ट आहे. ती लगेच कळवायची.

लहान मुलांना मात्र आग्रह करून पाजू नका. "पाणी प्यायलं की घरी सोडू" असं म्हणून जबरदस्तीने पाजलेलं मूल उलटी करण्याची शक्यता वाढते. मूल मागेल तेव्हा द्यायचं.

पेशंट नीट पिऊ लागला की सलाईनचा विषय तुम्हीच काढा. सलाईन कधी बंद करायचं, हा प्रश्न राउंडला विचारणारा कुणीतरी लागतो. नको असलेलं सलाईन चालूच राहिलं की शरीरात पाणी साठतं, आतड्याच्या भिंतीलाही सूज येते आणि तीच आतडी पुन्हा मंदावतात.

पायरी 5: जेवण

एक दिवस क्लिअर फ्लुइड्स, एक दिवस फ्री फ्लुइड्स, मग मऊ, अशी शिडी प्रत्येकाला चढायला लावायची गरज नाही. बहुतेक पेशंटना पहिलं जेवण साधं, घन दिलं तरी ते सोसतात. गाळलेल्या सूपवर दोन दिवस ठेवलं तर पोटात प्रथिनं जवळजवळ जातच नाहीत, आणि जखम भरायला तीच लागतात. ऑपरेशननंतर प्रौढ माणसाला वजनाच्या किलोमागे दिवसाला 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं आणि 25 ते 30 किलोकॅलरी लागतात. 60 किलोच्या पेशंटला म्हणजे 72 ते 90 ग्रॅम प्रथिनं. ताटात अंडं, दही, दूध, डाळी, मासे, मांस यांपैकी त्याला चालेल ते आहे का हे बघा, आणि आधी ते खायला सांगा, कारण भूक चार घासांत भागते. थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा, हे मोठ्या ताटापेक्षा बरं.

ट्रे वेळेवर आला म्हणजे पेशंट जेवला असं होत नाही. ट्रे खाटेच्या पायथ्याशी ठेवलेला असतो, झाकण घट्ट असतं, एका हाताला सलाईन असतं आणि दुसऱ्या हाताने टाके धरून पेशंट बसलेला असतो. अर्ध्या तासाने ट्रे उचलायला माणूस येतो आणि झाकण न उघडताच घेऊन जातो. टेबल पुढे ओढा, झाकण उघडा, चमचा हातात द्या. वेदनाशामकाची वेळ जेवणाआधी अर्धा तास येईल अशी बसवा. जेवणाच्या वेळी शेजारच्या खाटेवर ड्रेसिंग काढू नका, कमोड आधी हलवा. जेवण झाल्यावर अर्धा तास तरी आडवं होऊ देऊ नका.

च्युइंग गमचा उपयोगही माहीत असू द्या. चघळल्याने मेंदूला जेवण चालू असल्याचा संदेश जातो आणि आतडी हलू लागतात. सिझेरियन आणि पोटाच्या ऑपरेशनांनंतर तो दिला जातो. झोपाळलेल्या किंवा गिळताना त्रास होणाऱ्या पेशंटला मात्र नाही. आतडी जागी करायला चालणंही तितकंच लागतं.

पायरी 6: ज्यांचा हिशेब वेगळा असतो

*मधुमेही.* जेवणाआधीचं इन्सुलिन ट्रे समोर आल्यावर द्या, ट्रे "निघालाय" असं कळल्यावर नको. किती खाल्लं जाईल याचा भरवसा नसेल तर जेवणानंतर द्यायचं का हे विचारून ठेवा. साखर सहसा 140 ते 180 च्या दरम्यान ठेवली जाते.

*टॉन्सिल.* घसा दुखतो म्हणून मूल प्यायला नको म्हणतं, आणि कोरडा घसा आणखी दुखतो. औषध देऊन अर्ध्या तासाने पाजा. लाल रंगाचं सरबत देऊ नका, उलटीत रक्त आहे की रंग हे कळणार नाही. मूल झोपेत सारखं गिळत असेल तर बॅटरी घेऊन घसा बघा. रक्त उतरत असू शकतं.

*थायरॉइड आणि मानेची ऑपरेशनं.* आवाज बसला आणि पाण्याने ठसका लागला, तर आवाजाच्या नसेला धक्का लागलेला असू शकतो. मान सुजत चालली आणि श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर पाण्याचा विचार बाजूला ठेवून तातडीने डॉक्टरांना हाक मारा.

*इलिओस्टोमी (लहान आतड्याचं टोक पोटावर उघडून त्याला पिशवी लावलेली).* इथे नव्यांची समजूत हमखास उलटी असते. पिशवीतून खूप पाणी जातंय, दिवसाला दीड-दोन लिटरच्या वर, म्हणून पेशंटला जास्त पाणी पाजावं असं वाटतं. पण साधं पाणी, चहा, रस यांत मीठ फार कमी असतं. ते लहान आतड्यात गेलं की शरीरातलं सोडियम ओढून घेतं आणि पिशवीवाटे बाहेर पडतं. जितकं साधं पाणी जास्त, तितका पेशंट कोरडा. त्याला मीठ-साखर योग्य प्रमाणात असलेलं द्रावण घोटघोट लागतं, आणि साध्या पाण्याची दिवसाची मर्यादा डॉक्टर ठरवून देतात. पिशवी रिकामी करताना दरवेळी मोजा.

*फार दिवस उपाशी राहिलेले किंवा खंगलेले.* बॉडी मास इंडेक्स 16 पेक्षा कमी, किंवा दहा दिवसांहून जास्त जवळजवळ काही न खाल्लेला पेशंट आला, तर पहिल्या जेवणाआधीच सांगा. अशा माणसाला एकदम भरपूर खाऊ घातलं की इन्सुलिन उसळतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींमध्ये ओढलं जातं. त्याने हृदयाचे ठोके बिघडू शकतात, श्वासाचे स्नायू थकू शकतात. याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. आधी थायमिन (जीवनसत्त्व बी1), मग किलोमागे दिवसाला जास्तीत जास्त 10 किलोकॅलरीपासून सुरुवात, आठवडाभरात हळूहळू वाढ, आणि रोज रक्ताची तपासणी. अन्न द्यायचंच आहे, फक्त बेताने. प्रेमापोटी डबा भरून आणणाऱ्या नातेवाइकांना हे शांतपणे समजावून सांगा.

*बॅरिएट्रिक (वजन कमी करण्याची ऑपरेशनं).* 30 मिलीच्या मापाचा पेला द्या. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्ध्या तासाने.

पायरी 7: कधी थांबायचं

पहिल्या दिवशी चांगला जेवलेला पेशंट तिसऱ्या दिवशी ताट परत करतो, उचक्या लागतात, पोट ढोलासारखं ताणलेलं असतं, गॅस नाही, मळमळ आहे. आतडी मंदावली असावीत. यालाच पॅरॅलिटिक आयलियस म्हणतात. तोंडावाटे थांबवा, कळवा. रायल्स ट्यूब लागेल का ते डॉक्टर ठरवतील. पोटॅशियमचा रिपोर्ट शोधून ठेवा, कारण ते कमी असलं की आतडी हलत नाहीत. अफूवर्गातली औषधं किती गेली आहेत हेही सांगा.

आतड्याचा जोड असलेल्या पेशंटची नाडी, वेदना किंवा ताप असं दुसरं कारण नसताना, वाढत असेल, पोटदुखी कमी होण्याऐवजी वाढत असेल, पेशंट अस्वस्थ किंवा गोंधळलेला वाटत असेल, तर जोड गळत असल्याची शंका घ्या. नाडी बरेचदा सगळ्यांच्या आधी सांगते. ड्रेनकडेही (पोटातला द्रव बाहेर काढणाऱ्या नळीकडे) बघा. जेवण सुरू झाल्यावर ड्रेनमधला पाण्यासारखा द्रव दुधाळ झाला, तर लसिकावाहिनी गळत असू शकते, कारण स्निग्ध पदार्थ तिच्यातूनच जातात. ड्रेनमध्ये पित्ताचा हिरवा किंवा विष्ठेचा रंग दिसला तर त्याच क्षणी फोन.

नोंद आणि घरी जाताना

चार्टवर "बरं खाल्लं" असं लिहू नका. "दोन अंडी, एक वाटी दही, 200 मिली सूप, अर्धा ट्रे परत, मळमळ नाही" असं लिहा. हँडओव्हरमध्ये तोंडावाटे काय चालू आहे, शेवटचं कधी दिलं आणि पोट कसं आहे, हे प्रत्येक पेशंटबद्दल सांगा.

घरी सोडताना पेशंटला आणि सांभाळणाऱ्याला समोरासमोर बसवून सांगा की काय खायचं, किती वेळा, कोणतं औषध जेवणाआधी आणि कोणतं नंतर. हिरवी किंवा न थांबणारी उलटी, ताणलेलं पोट, ताप, वाढती पोटदुखी, दिवसभर लघवी न होणं, यांपैकी काहीही झालं तर थांबून न राहता कुठे फोन करायचा, तो नंबर कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्या आणि त्यांच्याकडून एकदा वाचून घ्या.